डाव्या खुर्चीसाठी साकडं

नोकरी नसणं हे दुःख बहुतेक घरांना ठाऊक असतं. पण एकाच आठवड्यात तीन नोकऱ्या चालून येणं हे त्याहून मोठं दुःख आहे, आणि ते देवानं निवडून आमच्या घराला दिलं. तक्रार नाही. देवाची कृपा कधी कधी अशी एकदम ओतल्यासारखी येते आणि आपलं भांडं लहान पडतं, सांडतं, घरभर होतं. मग फडकं घेऊन पुसत बसायचं.

आमची लेक वैमानिक आहे. हे वाक्य मी लोकांना बऱ्याचदा ऐकवलेलं आहे, आणि पुढचं वाक्य दर वेळी गिळलेलं आहे. पुढचं वाक्य असं, की लायसन्स हातात आल्यापासून ती चपलांच्या दुकानात कामाला होती. विमानं थोडी, वैमानिक उदंड, आणि प्रत्येक कंपनीला अनुभवी माणूस हवा. अनुभव कुठून आणायचा, तर म्हणे उडवून. उडवायला विमान कोण देणार, तर म्हणे अनुभव असेल तर. थोडक्यात, आभाळात जायची सरकारी परवानगी असलेली मुलगी दिवसभर लोकांच्या पायाशी बसून मापं घेत होती. संध्याकाळी घरी आली की पलंगावर आडवी पडून छताच्या पंख्याकडे बघायची. पंखा बंद असला तरी बघायची. ही, म्हणजे तिची आई, दारात उभी राहून हळूच मला विचारायची, "काही बोलली का?" मी मान हलवायचो. घरात माणूस आजारी असल्यासारखं वागत होतो आम्ही, फक्त औषध कुठलं ते माहीत नव्हतं.

आणि त्या आठवड्यात औषधाच्या तीन बाटल्या एकदम आल्या.

पहिली नोकरी ती जिथे उडायला शिकली त्या शाळेतलीच. तिथेच थोडं पुढचं शिकायचं आणि मग नवख्या मुलांना शिकवायचं. दुसरी सर्व्हे कंपनीची. लहान विमान एकटीनं घेऊन जायचं, खाली कॅमेरा बसवलेला असतो, नकाशासाठी जमिनीचे फोटो निघतात. शेत नांगरावं तसं आभाळात सरळ जायचं, वळायचं, पुन्हा सरळ यायचं, आणि दिवस संपला की परगावच्या लॉजमध्ये झोपायचं. तिसरी एका छोट्या मालवाहू कंपनीची. एक म्हातारं विमान, त्यात एक म्हातारे कॅप्टन, आणि त्यांच्या शेजारी को-पायलट म्हणून आमची लेक. माल म्हणजे फुलं, वर्तमानपत्रं, यंत्रांचे सुटे भाग आणि अंड्यातून नुकती बाहेर आलेली कोंबडीची पिल्लं.

लेकीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की तिला मालवाहू हवी आहे. कॅप्टननी चाचणी म्हणून तिला बरोबर नेलं होतं. पूर्ण उड्डाणात ते फारसं काही बोलले नाहीत. उतरल्यावर म्हणाले, "पाऊस येतोय, आत चल. कधीपासून येतेस?" एवढ्यावर ती खूश होती. पुढे मोठ्या विमानात दोघांनी मिळून उडवायचं असतं, ते अशा माणसाजवळच शिकता येतं, असं तिचं म्हणणं.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. मुलीला काय हवं ते मुलीला कळलं होतं, जागा रिकामी होती, कॅप्टन राजी होते. पण मध्ये मी होतो.

मी पाणीपुरवठा खात्यातून प्रभारी अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. प्रभारी म्हणजे काय हे ज्यांनी भोगलेलं नाही त्यांना समजावणं अवघड आहे. काम अधीक्षकाचं, सह्या अधीक्षकाच्या, शिव्या अधीक्षकाच्या, पण खुर्ची आपली नव्हे. खुर्चीवर आपण पाहुणे. खरा अधीक्षक केव्हाही येईल म्हणून मी कित्येक वर्षं टेबलाच्या खणात स्वतःची वस्तू ठेवली नाही. तो आला नाही आणि मी कायम झालो नाही. निरोपाच्या भाषणात साहेबांनी "आपले प्रभारी" असा माझा प्रेमानं उल्लेख केला, तेव्हा टाळ्या पडल्या. असो. मूळ पदाकडे वळू.

आमच्या इमारतीखाली औषधांचं दुकान आहे. औषधवाले वाचन करतात, आणि गिऱ्हाईक नसताना त्या वाचनाची पुडी बांधून येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. त्यांनी मला सांगितलं, की ज्या विमानात दोन वैमानिक असतात तिथे डावी खुर्ची कॅप्टनची आणि उजवी को-पायलटची. हे जगभर असंच. झालं. माझ्या डोक्यात डावी खुर्ची शिरली ती शिरलीच. म्हणजे माझी पोर उजवीकडे बसणार. विमान उडवणार, पण खुर्चीवर पाहुणी. प्रभारीची मुलगी प्रभारी.

मी लेकीला म्हटलं, "एक आठवडा मागून घे. घाई नको. मी जरा चौकशी करतो."

ती पंख्याकडे बघतच म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणताय म्हणून." तिला वैमानिक व्हायचं होतं तेव्हा सगळ्या गोतावळ्यात मी एकटा तिच्या बाजूनं उभा राहिलो होतो. त्या पुण्याईवर तिनं मला आठवडा दिला, आणि तो मी कसा नासवला ते आता सांगतो.

चौकशी करायची म्हणजे शेजाऱ्यांना विचारायचं, ही आपली जुनी खोड. ज्याला विषय ठाऊक नाही तोच मोकळेपणानं बोलतो. आमच्या मजल्यावर एक निवृत्त बसचालक राहतात. त्यांचं सगळं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं, त्यामुळे वाहतुकीवरचा अंतिम शब्द त्यांचा. त्यांनी तिन्ही नोकऱ्या डोळे मिटून ऐकल्या आणि मालवाहूवर फुली मारली. "एका गाडीत दोन ड्रायव्हर बसवलेत," ते म्हणाले, "याचा अर्थ मालकाला एक तर गाडीचा भरवसा नाही, नाही तर ड्रायव्हरचा." सर्व्हेबद्दल विचारलं, तर म्हणाले की प्रवासी नाही, थांबा नाही, दिवसभर जाऊन परत तिथल्या तिथेच, अशी फेरी त्यांनी जन्मात मारली नसती. शाळेबद्दल मात्र गप्प झाले. त्यांनी एकदा मुलाला गाडी शिकवली होती, आणि मुलगा त्यानंतर वेगळा राहतो.

औषधवाल्यांचं मत पाठीच्या बाजूनं होतं. सर्व्हेत पाठ जाते, मालवाहूत कान जातात, आणि शाळेत रक्तदाब. तिन्हींवर त्यांच्याकडे गोळ्या होत्या. कोणतीही घ्या म्हणाले, म्हणजे नोकरी.

पण खरे तज्ज्ञ आमचे मेहुणे. लेकीचे मामा. ते एकदाच विमानात बसले, आणि त्या वेळी त्यांना आपत्कालीन दाराजवळची जागा मिळाली. हवाई सुंदरीनं त्यांना दार कसं उघडायचं ते समजावलं आणि "जमेल ना?" असं विचारलं. त्या दिवसापासून मेहुणे विमान वाहतुकीबद्दल बोलताना "आम्ही" म्हणतात. आमच्याकडे असं नसतं, आमच्यात वारा बघतात, वगैरे. त्यांनी बाजू घेतली सर्व्हेची, कारण तिथे एकच खुर्ची आणि ती डावी. माझं मन हलकं झालं. पण मेहुण्यांना एक शंका आली. एकदा वर गेलं की हे विमान पाच-सहा तास उतरत नाही, आणि लहान विमानात ती सोय नसते. मग पोरीनं करायचं काय?

ही शंका त्यांनी माझ्याजवळ ठेवली असती तर ती आमच्या घरात कुजली असती. पण मेहुणे कर्ते पुरुष. त्यांनी परस्पर कंपनीला फोन लावला, "मुलीच्या कुटुंबाचा हवाई सल्लागार" अशी स्वतःची ओळख करून दिली आणि विमानात संडास आहे का ते विचारलं. नाही म्हटल्यावर बसवून देता येईल का, हेही विचारलं. दुसऱ्या दिवशी कंपनीतून लेकीला निरोप आला: घरच्यांचं समाधान होणं महत्त्वाचं आहे, ते होईस्तोवर आम्ही दुसऱ्या मुलाला घेतलं आहे.

लेकीनं तो निरोप जेवताना वाचून दाखवला आणि पाणी प्यायली. एक खुर्ची गेली.

मी ठरवलं की आता दुसऱ्यांवर विसंबायचं नाही. मालवाहूत उजवी खुर्ची तर उजवी, पण ती डावी कधी होणार हे पक्कं करायचं. मी एकटाच, लेकीला न सांगता, सहज फिरत आल्यासारखा त्या कंपनीच्या शेडवर गेलो.

विमानतळाच्या मागच्या बाजूला लोखंडी जाळीचं कुंपण, त्याच्या टोकाला पत्र्याची शेड. वारा असा, की कुंपणावर अडकलेले प्लास्टिकचे कागद सारखे फडफडत होते. आत रॉकेलचा वास, त्यात पिल्लांच्या पिसांचा वास. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची खोकी छातीभर रचून ठेवलेली, आणि प्रत्येक खोक्यातून चिवचिव. ती एकाच वेळी इतकी होती की शेडच कुठेतरी रडते आहे असं वाटत होतं. कॅप्टन एका पेटीवर बसून रुमालानं चष्मा पुसत होते. उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशा. मी ओळख सांगितल्यावर उठून उभे राहिले, मला पेटी दिली आणि स्वतः खोक्यांना टेकले.

मी आधी रजेचं विचारलं. मग बढतीचं. ते "हो", "नाही", "बघू" एवढ्यावर भागवत होते. मग मी, आपल्या ऑफिसात विचारतात तसं सहज विचारलं, "आपली निवृत्ती कधी?"

आता यात वावगं काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. आमच्या खात्यात ज्येष्ठतेची यादी सगळ्यांना तोंडपाठ. वरचा माणूस कधी जाणार हे खालच्याला त्याच्या मुलांच्या नावांपेक्षा पक्कं ठाऊक असतं. ते विचारणं म्हणजे हवापाण्याची चौकशी. लोक हसून सांगायचे, वर किती रजा शिल्लक आहे तेही सांगायचे.

कॅप्टननी चष्मा घातला, काढला, पुन्हा पुसला. म्हणाले, "ठरलेली नाही. या आठवड्यात मेडिकल आहे. पास झालो की पुढच्या मेडिकलपर्यंत."

हे उत्तर मला सरकारी वाटलं, टाळाटाळीचं. मी पुन्हा रेटून विचारलं, की साधारण अंदाज तरी.

"तुमची मुलगी चांगली आहे," ते म्हणाले. "तिला लवकर पाठवा."

परत येताना मला कळेना की काम झालं की नाही. घरी आलो, पाय धुतले, देवासमोर बसलो. मी रोज बसतो, पण मागत काही नाही. आमचे कीर्तनकार बुवा सांगतात की देवाकडे मागणारा माणूस म्हणजे आईच्या मांडीवर बसून आईलाच खाऊची आठवण करून देणारं पोर. तरी त्या दिवशी मी मागितलं. साकडंच घातलं. म्हटलं, देवा, माझं जे झालं ते झालं, पण पोरीसाठी ती डावी खुर्ची लवकर मोकळी कर.

सगळी नोकरी मसुदे लिहिण्यात गेली. प्रत्येक मसुद्याच्या शेवटी "कोणाच्याही हितास बाधा न येता" हे कलम मी न चुकता घालत असे. नेमकं तेच इथे घालायचं राहिलं.

इकडे हिनं आपल्या परीनं शाळेची नोकरी पक्की करायला घेतली होती. शाळा गावातच. पोर रोज रात्री घरी जेवायला. शाळेच्या मुख्य बाईंचा फोन आला तेव्हा लेक दुकानात होती, म्हणून हिनंच घेतला. बाई भल्या, गोड बोलणाऱ्या. ही मोकळी झाली. मुलगी येणारच म्हणाली, फक्त तिला फार उंच पाठवू नका. लहानपणी झोपाळ्यावरसुद्धा तिला चक्कर यायची.

मुख्य बाईंचा आवाज तिथून पुढे बदलला. चक्कर हा शब्द त्यांच्या धंद्यात फोनवर उच्चारायचा नसतो, असं दिसतं. आता नव्यानं मेडिकल करून, चक्कर येत नसल्याचा दाखला आणल्याशिवाय त्यांना तिला वर्गात बसवता येईना. आणि वर्ग तर लगेच सुरू होणार.

लेक घरी आली, ऐकलं. हिला म्हणाली, "आई, कुठल्या झोपाळ्यावर?"

"बागेतल्या. तू चार वर्षांची होतीस."

"आईसक्रीम खाऊन झोका घेतला होता."

"पण आली होती ना चक्कर," ही म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नाही.

वैमानिकांची तपासणी होते ते कार्यालय मला, खरं सांगतो, घरच्यासारखं वाटलं. लांब राखाडी बोळ, एका बाजूला खिडक्या, बहुतेक बंद. उघड्या खिडकीतल्या गृहस्थांनी सांगितलं, की चक्कर येत असेल तर तपासता येते, येत नसेल तर काय म्हणून तपासायची? तक्रार नोंदवा. तक्रार नोंदवायची खिडकी शेजारची, आणि तिथले गृहस्थ म्हणाले की तक्रार एकदा नोंदली की तपास होईस्तोवर लायसन्स स्थगित. लेकीचा चेहरा उतरला. मला मात्र आतून काहीतरी जागं झाल्यासारखं झालं. व्यवसायबंधूची कारागिरी व्यवसायबंधूलाच कळते. मी पुढे झालो आणि त्यांना पटवलं, की ही तक्रार नसून मूळ दाखल्याचं "पुनरवलोकन" आहे, आणि त्याला स्थगिती लागत नाही. ते माझ्याकडे आदरानं बघायला लागले. अख्ख्या आठवड्यात माझ्या हातून झालेलं सरळ काम ते एवढंच.

आत बोलावतील तोवर बाकावर बसायला गेलो, तर बाकावर कॅप्टन.

इस्त्री केलेला पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. परीक्षेला आलेल्या मुलासारखे दिसत होते. लेक चटकन उभी राहिली.

"तू इथे कशी?" त्यांनी विचारलं.

"आईनं फोनवर सांगितलं मला झोपाळ्यावर चक्कर यायची."

कॅप्टन हसले. एकदाच, नाकातून, पण हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहून मान लववली. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो आणि समोरच्या भिंतीवरचं कानाच्या आतल्या भागाचं चित्र अभ्यासू लागलो.

लेकीला आत नेलं, फिरत्या खुर्चीत बसवून गरागरा फिरवलं आणि बाहेर सोडलं. काही झालं नव्हतं. मग कॅप्टनना बोलावलं. ते उठताना गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि आत जाण्याआधी क्षणभर दाराकडे बघत राहिले. पुढच्या मेडिकलपर्यंत, ते म्हणाले होते. ती टाळाटाळ नव्हती हे मला तिथे, त्या कानाच्या चित्रासमोर कळलं. आमच्या खात्यात निवृत्तीची तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठरते. या माणसाची दर वेळी नव्यानं ठरत होती, आणि मी त्याला अंदाज विचारला होता.

फार वेळ लागला. मी मनातल्या मनात परवाचं साकडं मागे घ्यायला सुरुवात केली. अर्ज मागे घेण्याचा अर्ज. पण देवाच्या दारात त्याची खिडकी कुठली, हे बुवांनी कधी सांगितलेलं नाही.

कॅप्टन बाहेर आले. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती, एक टोक वर, एक खाली.

लेक हळूच म्हणाली, "कॅप्टन, बटण."

त्यांनी खाली पाहिलं. तिथेच, बोळात उभं राहून, सगळी बटणं उघडून पुन्हा नीट लावली. घाई केली नाही. मग म्हणाले, "चला. माझं झालं."

दोन दिवसांत सगळं मोकळं झालं. लेकीचा दाखला घेऊन शाळेत गेलो, तर वर्ग भरला होता. मुख्य बाईंनी चहा दिला आणि हिला नमस्कार सांगितला. मालवाहू कंपनीच्या मालकानं फोनवर कळवलं, की कॅप्टन आता उडू शकत नाहीत, दुसरा कॅप्टन मिळेपर्यंत विमान उभं राहील, आणि विमान उभं म्हटल्यावर को-पायलटची जागाही नाही. त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. डावी खुर्चीच रिकामी झाली, तर उजवी उरली कोणाच्या उजवीकडे?

देवानं माझं ऐकलं होतं. शब्दशः ऐकलं होतं.

लेक पुन्हा चपलांच्या दुकानात जायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तशी सोयही करून बघितली, जेवताना आपण होऊन विषय काढला, पण ती "वाढ ना आई, आमटी" म्हणाली. ही माझ्याशी बोलेना, कारण मी शेडवर गेलो होतो. मी हिच्याशी बोलेना, कारण झोपाळा. दोघंही मेहुण्यांशी बोलेनात. बसवाले दारात भेटले की "काही ठरलं का?" असं विचारायचे, आणि मी बाजारात जायचं आहे असं सांगून पिशवीशिवाय खाली उतरायचो. खाली औषधवाले. मग पुन्हा वर. असे दिवस काढले.

आणि एका रविवारी दारावरची बेल वाजली. दारात कॅप्टन.

मी त्यांना आत बसवलं आणि स्वतः बसायला विसरलो. हिनं चहा ठेवला. लेक खोलीतून बाहेर आली, त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली. कॅप्टननी खोलीभर नजर फिरवली, पंखा पाहिला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही शेडवर आला होतात, तेव्हा निवृत्ती कधी म्हणून विचारलं होतंत. तेव्हा सांगता आलं नाही. आता कळली, म्हणून सांगायला आलो."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तिला हे नवीन होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पूर्वी बायका म्हणत. तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नसते.

मग माझ्या तोंडून तेही निघून गेलं जे मी हिलासुद्धा सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मी देवाकडे मागितलं होतं. डावी खुर्ची लवकर मोकळी होऊ दे म्हणून."

कॅप्टननी चहाची बशी खाली ठेवली. "कधी मागितलंत?"

"त्याच दिवशी. शेडवरून आल्यावर."

"माझे ठोके दोन वर्षं चुकतायत," ते म्हणाले. "तुमचा अर्ज फार उशिरा पोचला."

कोणी हसलं नाही. पण खोलीत इतके दिवस अडकलेलं काहीतरी सुटलं. हिनं उगाचच त्यांना आणखी चहा ओतला.

ते आले होते वेगळ्याच कामासाठी. कंपनीनं त्यांना शेडवर ठेवलं होतं, माल चढवण्याचं बघायला. कुठलं खोकं पुढे, कुठलं मागे, विमानाचा तोल कसा राखायचा, हे. दुसरा कॅप्टन परगावाहून यायला वेळ लागणार होता. तोवर लेकीनं शेडवर यावं, वजनं करावीत, तोल मांडावा, विमान आतून-बाहेरून शिकून घ्यावं. उडायचं नाही. नवा माणूस आला की उजवी खुर्ची तिची, असं त्यांनी मालकाकडून वदवून घेतलं होतं.

मी तोंड उघडलं. नेमणूक कोणत्या पदावर आणि ते लेखी मिळेल का, एवढंच विचारणार होतो. हिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

"येते," लेक म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली, की आमच्यापैकी कोणाला सल्ला द्यायला फटच मिळाली नाही. "उद्यापासून येते."

अशी माझी लेक, वैमानिक असून, त्या शेडमध्ये खोकी वाहू लागली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत पिवळी पिसं. वजनाचा काटा, दोऱ्या, जाळ्या, पिल्लांची चिवचिव. कायम होण्याची वाट बघत, खुर्ची नसलेल्या माणसाचं काम. हे सगळं मला इतकं ओळखीचं होतं की मी तिच्याकडे बघत नसे. फरक एकच. ती पंख्याकडे बघायची बंद झाली. जेवताना कॅप्टनच्या गोष्टी सांगायची, विमान मागे जड झालं तर नाक कसं वर पळतं ते भांड्यांनी करून दाखवायची. बसवाल्यांनी विचारलं, तेव्हा मी "हमाली करते" असं सांगितलं, तर ते म्हणाले, आम्हीही आधी बस धुतली. त्या माणसाच्या तोंडून निघालेला हा एकमेव शहाणा शब्द, आणि तो कोणी मागितला नव्हता.

नवा कॅप्टन आला तोवर ऋतू पालटला होता. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी ही घरीच राहिली, बघवणार नाही म्हणाली. मी गेलो. शेडच्या बाहेर, लोखंडी जाळीपाशी, म्हातारे कॅप्टन आधीच उभे होते. शर्ट इस्त्रीचा, बटणं नीट. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. हात जोडावेत असं मनात आलं, पण काय मागायचं ते सुचेना, आणि मागायची भीतीही बसली होती. म्हणून नुसते जाळीत बोटं अडकवून उभा राहिलो.

विमान लांबवर गेलं, वळलं, थांबलं. काचेवर ऊन होतं. मी टाचा उंच केल्या.

"ती कुठल्या बाजूला आहे ते दिसतंय का?" मी विचारलं.

"इथून नाही दिसत," कॅप्टन म्हणाले. "इथून नुसतं विमान दिसतं."

ते धावत आलं, आमच्यासमोरून मोठा आवाज करत गेलं आणि जमिनीवरून सुटलं. कॅप्टनचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. मग ऐकू आलं. खालच्या आवाजात, स्वतःशीच ते म्हणाले, "चाकं वर."

आणि वर, त्याच क्षणी, विमानाची चाकं हळूहळू दुमडून पोटात गेली.

"डावीकडचा सांगतो," कॅप्टन माझ्याकडे न बघता म्हणाले. "चाकांचा दांडा उजवीकडचा ओढतो."

मी वर पाहिलं. म्हणजे ते तिनं केलं होतं. जमिनीवरून मला दिसेल असं, तिच्या हातानं केलेलं.

कॅप्टन विमान ढगात जाईपर्यंत उभे राहिले. त्यांचा उजवा हात जाळीवर होता, आणि बोटं अजून कशावर तरी हलकेच टेकल्यासारखी अर्धी मिटलेली होती. मग ते वळले आणि शेडकडे चालू लागले. दुपारची खोकी येऊन पडली होती. मी त्यांच्या मागून गेलो, आणि त्यांनी न सांगताच एक खोकं उचललं.